मावशी, त्या रात्री मला झापलंत त्याबद्दल

ती. स्व. मावशींस,
साष्टांग नमस्कार.

मायना एवढा जुन्या वळणाचा घातलाय म्हणून हसू नका. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळ्या होता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय मी जिथे अडकले होते तिथे अडकलेल्या आणखी सुना असतील, त्यांच्याही कानावर पडू दे. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिही, पण मला फार चांगली दाखवू नकोस. खोटं वाटेल."

दीड वर्षापूर्वी रात्री साडेदहाला मी तुम्हाला फोन केला, तो तुमच्या बहिणीची तक्रार करायला. थोरल्याचा पाचवा वाढदिवस होता. आई आल्या, सोफ्याच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही आणि पाऊण तासात "निघते" म्हणाल्या. दोन तासांचा प्रवास करून पाऊण तास! नातवंडांची ओढच नाही त्यांना, असं मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. आता समजूत घालतील, असं मला वाटलं. तर तुम्ही विचारलंत, "तू तिला घरी बोलावतेस, की परीक्षेला बसवतेस?"

मी भयंकर चिडले. फोन ठेवल्यावर नवऱ्याला त्याच्या आजोळाबद्दल चार शब्द सुनावले, ते इथे लिहीत नाही. पण झोप लागेना, आणि एकेक पेपर आठवायला लागला.

थोरला तीन महिन्यांचा असताना आई त्याला चमच्याने पाणी पाजत होत्या. मी त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. "सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नसतं, आई." माझं बरोबरच होतं, आजही तेच म्हणेन. पण पूर्ण सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलं 2001 मध्ये. त्याआधी चार ते सहा महिने असं सांगितलं जायचं, आणि तुमचा भाचा तर त्याच्याही कितीतरी आधीचा. म्हणजे आईंनी त्यांच्या वेळी सांगितलं गेलं तसं केलं होतं आणि मी माझ्या वेळी सांगितलं गेलं तसं करत होते. एवढं एक वाक्य तेव्हा बोलायला हवं होतं. मी नुसता चमचा काढून घेतला.

मग आठव्या महिन्यात त्यांनी त्याला उचललं आणि त्याने आकांत मांडला. बाळं त्या सुमारास अनोळखी चेहऱ्यांना बिचकतात, आणि महिन्यातून एकदा दिसणारी आजी बाळाला अनोळखीच. हे मला माहीत होतं, त्यांना सांगावं असं मात्र सुचलं नाही. पटकन बाळ माझ्याकडे घेतलं, विषय संपला. माझ्यापुरता. त्या घरी जाऊन तुम्हाला काय म्हणाल्या, ते तुम्ही फोनवर सांगितलंत: "त्याला माझा हात खरखरीत लागत असेल."

ते वाक्य अजून माझ्या घशात आहे.

व्हिडिओ कॉलचंही तेच. धाकटी झाल्यावर मी घरात फर्मान काढलं: वर्षाच्या आत स्क्रीन नाही म्हणजे नाही. नियम माझ्या मनचा नव्हता, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांमधला होता. पण तो मी आजीच्या कॉललाही लावला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉल तेवढा वगळला होता, हे मी फार उशिरा वाचलं. नियम वाचायची मला हौस, अपवाद वाचायचा कंटाळा. तोवर वर्ष गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा फोन केला. तुम्ही टोमणा न मारता कामाचं बोललात, त्याबद्दल वेगळे आभार. "तिला लाड करता येत नाहीत. आम्हाला कुणी केले नाहीत, तर येणार कुठून? तिला काम येतं. तिला काम दे." मग म्हणालात, "कधीही या" हे बोलावणंच नव्हे, वार सांग, वेळ सांग आणि संपायची वेळही सांग, म्हणजे तिला कधी उठावं हा प्रश्न पडणार नाही. आणि ती आली की तू घराबाहेर पड. मुलांच्या जिवाशी संबंध असलेलं काय ते आधी एकदा सांग, बाकीचं सोडून दे. मी "हो, हो" म्हणत होते. मग तुम्ही म्हणालात, "आणि फोन तू करायचा नाहीस. आई त्याची आहे."

हे मला सुचलंच नव्हतं. सहा वर्षं मीच बोलावत होते, मीच रुसत होते, आणि तो मधल्या मध्ये पेपर वाचत होता! त्या संध्याकाळी त्याने फोन लावला. "आई, आम्हाला तुझी मदत हवीय," असं तो जन्मात पहिल्यांदा म्हणाला, तेही भिंतीकडे तोंड करून. ठरलं: एक शनिवार सोडून एक, चार ते सहा, मुलांच्या कपड्यांची शिवण-टिपण.

पहिला शनिवार फुकट गेला. आईंनी तीन शर्टांना बटणं लावली, एका दप्तराची चेन बसवली, सहाला निघाल्या. थोरला कार्टून बघत बसला होता. मी हताश होऊन तुम्हाला कळवलं. तुम्ही म्हणालात, "शर्ट शिवून झाले ना? मग झालं की. पुढच्या वेळेला आणखी बटणं तोडून ठेव." मी खरोखर कात्रीने दोन बटणं तोडून ठेवली. हे आईंना आज, इथेच कळणार आहे.

तिसऱ्या शनिवारी मी जीव मुठीत धरून बाहेर पडले. परत आले तर टेबलावर बटणांचा डबा उपडा केलेला. थोरला खुर्चीवर गुडघे टेकून वर्गवारी करत होता: दोन भोकांची, चार भोकांची, मागे कडीवाली. धाकटी आईंच्या कडेवर. दिसेल ते तोंडात घालायचं तिचं वय, माझा श्वास अडकला. तोंड उघडणार तेवढ्यात थोरल्यानेच मला दटावलं, "आई, डबा टेबलावरच उघडायचा. 112 बाहेर काढलीत, 112च आत गेली पाहिजेत, नाहीतर आजी कुणाला उठू देत नाही." मी जो नियम करणार होते, तो त्यांनी आधीच केला होता, माझ्यापेक्षा कडक. वाजले होते सव्वासहा. पर्स दाराच्या खुंटीला होती.

आईंच्या अटीप्रमाणे हेही लिहिते: त्या अजून कुणाला कुशीत घेत नाहीत. पापा वगैरे नाहीच. राहायला या म्हटलं तर ऐकू आलं नाही असं दाखवतात. मी घड्या घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालतात, आणि मला अजूनही राग येतो. बुधवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांचं फक्त कपाळ दिसतं, कितीदा सांगितलं तरी. थोरल्याने शाळेत आजीचं चित्र काढलं त्यात कपाळ आणि चष्म्याची वरची कड एवढंच होतं. पण त्या कपाळासमोर तो सुईत दोरा ओवून दाखवतो, आणि पलीकडून "थुंकी लावू नकोस, टोक तिरकं काप" असा आवाज येतो. त्याला तो आवाज पाठ झालाय. धाकटी तर फोन वाजला की कुणाचाही असो, "आजी" म्हणते.

एक काम राहिलंय. डब्यात जहाजाच्या नांगराचं चित्र असलेलं निळं बटण आहे. ते तुमच्या फ्रॉकचं, तुम्ही सात वर्षांच्या असताना रागाने उपटून फेकलेलं, असं आई सांगतात. राग कशाचा होता, ते विचारलं की "तिलाच विचार" म्हणून हसायला लागतात. असं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. थोरल्याने ते बटण वेगळ्या डबीत ठेवलंय आणि तुम्ही कधी येणार म्हणून रोज विचारतोय. पुढचा शनिवार, चार ते सहा. वेळ सांगितली आहे, आता निमित्त काढू नका.

तुमची,
भाचेसून