'अल देन्ते' म्हणजे अर्धकच्चे नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या पास्त्याच्या पाककृतीत 'अल देन्ते' या इटालियन शब्दाचा अर्थ 'अर्धकच्चा' असा छापला आहे. हे वाचून वाईट वाटले. शब्दशः अर्थ 'दाताला'. म्हणजे शिजलेला, पण चावताना दाताला किंचित जाणवणारा.

कामानिमित्त नेपल्सला राहत होतो, तेव्हा घरमालकीणबाईंनी हे मला चुलीपाशीच शिकवले. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी त्यांनी स्पगेटीची एक काडी बाहेर काढून दातांनी तोडली आणि तुटलेले टोक माझ्यासमोर धरले. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. पास्ता लगेच निथळून त्यांनी तो टोमॅटोच्या रश्श्यात टाकला; उरलेले शिजणे तिथे झाले आणि ठिपका गेला. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, तसेच हे.

पास्ता ज्याचा करतात, त्या ड्युरम या कडक दाण्याच्या गव्हाच्या रव्यात प्रथिने भरपूर असतात. त्यांची जाळी पिठूळ भाग धरून ठेवते. जास्त उकळले की ती सैल पडते आणि पास्त्याचा गिचका होतो.

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषांनी हा शब्द जसाच्या तसा घेतला. जर्मनांकडे तर 'चावायला घट्ट' अशा अर्थाचा 'बिसफेस्ट' हा स्वतःचा शब्द आहे, तरी तिथे 'अल देन्ते'ही सर्रास चालतो, अगदी भाज्यांनासुद्धा. मराठीत अर्थ द्यायचाच तर 'शिजलेला, पण दाताला लागेल असा' एवढे छापावे. 'अर्धकच्चा' वाचून कुणी खरोखरच कच्चा पास्ता ताटात वाढेल.

– एक वाचक, पुणे