इंजिन हवे आहे! जुन्या लाकडी मोटारबोटीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या क्रिस-क्राफ्ट या अमेरिकन कंपनीच्या मोटारबोटीचे इंजिन कायमचे निकामी झाले आहे. जाणकारांना दाखवून झाले, खोलून झाले, मोजून झाले. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा, बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. पैसे लागणारच आहेत, पण त्याआधी हवा आहे तो क्रिस-क्राफ्टच्या ‘के’ मालिकेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा धड ब्लॉक. असा एखादा ब्लॉक कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली धूळ खात पडलेला असणार, अशी आमची पक्की समजूत आहे.

झाले ते असे. हे इंजिन बाहेरचेच पाणी ओढून थंड होते. ते पाणी ब्लॉकमधून फिरून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळाच्या, दुहेरी भिंतीत येते आणि धुराबरोबर बाहेर पडते. मॅनिफोल्ड आतून गंजत जातो आणि वरचा रंग मात्र नव्यासारखा दिसतो. आमच्या मॅनिफोल्डच्या आतल्या भिंतीला भोक पडले आणि बोट नुसती उभी असताना पाणी झिरपत सिलिंडरमध्ये उतरले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सुरू करताना एक कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकला. इंजिन तरीही उरलेल्या सिलिंडरांवर धावले, आणि ऐन वेगात तोच रॉड मोडून ब्लॉकची कूस फोडून बाहेर आला. त्या भोकातून आज मूठ आत जाते. कडेचे बीड (ओतीव लोखंड) फुटक्या कवडीसारखे कपच्यांनी निघाले आहे.

बिडाच्या तड्याला वेल्डिंग सहसा मानवत नाही, गार होताना शेजारीच नवा तडा जातो. न तापवता धातूच्या खिळ्यांनी तडा शिवून घेण्याची पद्धत आहे, आणि नुसते पाण्याचे जॅकेट (सिलिंडरांभोवतीची पाणी खेळणारी पोकळी) तडकले असते तर आम्ही तीच धरली असती. सिलिंडरला लायनरही (आतून बसवायची नवी नळीही) बसला असता. पण इथे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची बैठकच हलली आहे. तिथे शिवणकाम करून पुन्हा माणसे बोटीत बसवायची, हे आमच्या मनाला पटले नाही.

‘एखादे आधुनिक व्ही-८ बसवून मोकळे व्हा’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. सल्ला वाईट नाही, आणि कामाच्या बोटीला आम्ही तो मानलाही असता. पण या बोटीचे इंजिनाचे लाकडी पाट, त्यांच्यातले अंतर, शाफ्टचा उतार, वरच्या झाकणाची उंची, सगळे त्या लांबट, अरुंद, सरळ रांगेच्या इंजिनाच्या मापाने केलेले आहे. वजन बदलले की बोटीची पाण्यातली बसण बदलते. ताकद वाढली की तिचा ताण त्या जुन्या पाटांवर आणि तळाच्या फळ्यांवर येतो. मूळचे इंजिन ९५ अश्वशक्तीचे. या सांगाड्याला तेवढे पुरते. विजेच्या मोटरचीही सूचना आली होती, तिच्यावरही बैठकीत बोलणे झाले, पण बॅटऱ्यांसाठी जागा करायची तर अर्धी बोट खोलावी लागेल.

शिवाय एक कागद आमच्या बाजूने आहे. क्रिस-क्राफ्टच्या कारखान्याचे जुने दप्तर अमेरिकेत न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये जतन केलेले आहे. बोटीचा हल क्रमांक (बोटीच्या सांगाड्याचा क्रमांक) दिला की कारखान्यातून निघताना तिच्यात कोणते इंजिन होते, त्याची नोंद असलेले कार्ड मिळू शकते. आमच्या कार्डावर ‘के’ आहे. वाद तिथेच मिटला.

या इंजिनाचा मूळ ब्लॉक हर्क्युलिस कंपनीचा आणि क्रिस-क्राफ्टने त्यावर बोटीसाठी लागणारे बदल केले. म्हणून हर्क्युलिसचे जुने औद्योगिक इंजिन कुणाकडे असेल, तर तेही आम्हाला कळवा. ते जसेच्या तसे बसेल असे नाही, पण आतले काही भाग जुळू शकतात. नुसता फोटो आणि ब्लॉकवर ओतीव काढलेला क्रमांक पाठवलात तरी पुरे. बाकी आम्ही ताडून पाहू. दोन इंजिनांच्या बोटीत एक उजवे फिरणारे आणि एक डावे फिरणारे असे, त्यामुळे दोन्ही प्रकार सापडतात आणि त्यांचे कॅमशाफ्ट वेगळे असतात. इंजिन कोणत्या बाजूला फिरते हे लिहिताना कोणत्या टोकाकडे उभे राहून पाहिले तेही लिहा, नाहीतर उजवे-डावे यावरून पत्रापत्री संपायची नाही.

इंजिन जाम असेल तरी हरकत नाही. उलट आमच्यासाठी म्हणून ते सुरू करून बघू नका, हातोडा तर मुळीच नको. सिलिंडरमध्ये तेल सोडून तसेच राहू द्या. आम्हाला धास्ती आहे ती थंडीत पाणी गोठून तडकलेल्या ब्लॉकची. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि त्या जोरापुढे बिडाचे काही चालत नाही. जॅकेटच्या बाहेरच्या अंगाला आडवी, गंजाची बारीक रेघ दिसली तर तेवढे सांगून ठेवा.

आणखी एक विनंती, जरा परखडपणे. मोटारगाडीचे स्टार्टर, डायनामो, कार्ब्युरेटर कृपया देऊ नका. भावना पोचते, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि गाडीच्या सुट्या भागातली एक ठिणगी तिला पुरते. बोटीचे विद्युत भाग ठिणगी बाहेर जाणार नाही असे बंदिस्त असतात आणि कार्ब्युरेटरवर ज्वाला अडवणारी जाळी असते. हे भाग आमच्या जुन्या इंजिनाचेच शाबूत आहेत.

आता घाई का, ते सांगायला हवे. बोट सध्या किनाऱ्यावर, आडोशाला आहे. महॉगनीच्या फळ्या पाण्यात फुगून सांधे घट्ट धरतात. कोरड्यात राहिल्या की आकसतात आणि सांधे उघडतात. नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या, दोन फळ्यांमध्ये आत्ताच पोस्टकार्ड सरकते. सभासद आतून ओली पोती टाकतात, पण तो तात्पुरता उपाय. म्हणून ब्लॉक मिळो न मिळो, सांधे पाहून बोट पाण्यात सोडायची आणि पंप लावून ठेवायचा असे ठरले आहे. त्या दिवसांत रात्रपाळीने पंपावर लक्ष ठेवणारी माणसे हवी आहेत. कसब लागत नाही, जागरण लागते.

इंजिन बसवल्यावरचे कामही पाण्यातच. जमिनीवर टेकवलेल्या लाकडी बोटीचा आकार किंचित वेगळा असतो, म्हणून गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या कपलिंगची जुळणी बोट तरंगत असतानाच करावी लागते. कपलिंगच्या दोन्ही तबकड्यांमधली फट सगळीकडून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायची. फरक इंचाच्या ३ हजारांशाच्या आत हवा. हे ज्याने हाताने केलेले आहे असा मिस्त्री आम्हाला हवा आहे. तसेच बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे वर्कशॉप मशीनचा वेळ देणार असेल, तर ती आम्ही रोख देणगीइतकीच मोठी मदत मानू. साखळी-पुली असलेली उचलण्याची घोडी काही दिवस वापरायला मिळाली तर उत्तम.

रोख देणगी मशीनकाम, गॅस्केट, बेअरिंग, नवा मॅनिफोल्ड आणि वाहतूक यांसाठीच वापरली जाईल. हिशेब सूचनाफलकावर लागेल. ब्लॉक कुणी विनामूल्य दिला तर वाचलेल्या रकमेतून दुसरा मॅनिफोल्ड घेऊन ठेवू, कारण तोच भाग पुन्हा जाणार. आणि योग्य ब्लॉक मिळालाच नाही, तर ज्यांना रक्कम परत हवी असेल त्यांना ती परत केली जाईल. देतानाच पावतीच्या मागे तसे लिहून घ्या.

पावतीशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, मागणारा कार्यकारिणीतला असला तरी. इंजिनाचे किंवा सुट्या भागांचे फोटो मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावेत, म्हणजे कोणी तरी येऊन प्रत्यक्ष पाहून जाईल.

आपली,
कार्यकारिणी