घोडा आणि जीप

लेस्टर, 24 ऑगस्ट

ती. बाबांना सा. न.

आईने पाठवलेलं भडंग पोचलं. पुडा एका कोपऱ्यात फुटला होता, त्यामुळे खोकं उघडल्याबरोबर खोलीभर लसूण. शेजारची मैत्रीण वास घेत आली ती बशी घेऊनच. मग खात खात आम्ही सिनेमा पाहिला, त्याबद्दलच लिहायचंय.

परवा 22 ऑगस्ट होता. 1485 साली याच दिवशी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड इथून जवळ बॉसवर्थला लढाईत पडला. 2012 मध्ये त्याचा सांगाडा सापडला तो आमच्या गावातल्या एका कार पार्कखाली. वर डांबरावर 'आर' हे अक्षर रंगवलेलं होतं! 'रिझर्व्हड'चा 'आर', पण लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. कणा वाकडा निघाला, मात्र नाटकवाल्यांनी पाठीवर लादलेलं कुबड नव्हतं.

तर मुहूर्त साधून आम्ही 1995चा 'रिचर्ड द थर्ड' लावला, इयन मॅकेलन हा नट रिचर्ड झालाय तो. शेक्सपिअरचंच नाटक, पण काळ 1930च्या आसपासचा आणि इंग्लंडात हुकूमशाही आलेली. लष्करी गणवेश, रणगाडे, हिटलरच्या सभांसारखे झेंडे. टॉवर ऑफ लंडन म्हणून दाखवलंय ते नदीकाठचं बंद पडलेलं वीजकेंद्र. तिथेच आता टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय आहे, गेल्या वर्षी तुम्ही दोघं ज्याच्या पायऱ्यांवर दमून बसला होता ते.

रिचर्डचं पहिलंच भाषण बघा. सुरुवात मेजवानीत, माइकसमोर, सगळे टाळ्या वाजवतायत. मधेच दृश्य बदलतं आणि उरलेलं तो मुतारीत उभा राहून स्वतःशी पुटपुटतो. मग आरशात बघता बघता त्याला आपण दिसतो आणि तो वळून थेट आपल्याशीच बोलायला लागतो. स्वगत प्रेक्षकाच्या कानात सांगितल्यासारखं आलं पाहिजे, असं तुम्ही तालमीत पोरांना ओरडून सांगायचात. इथे ते तसं आलंय, आणि त्या माणसाच्या कटात आपण नकळत सामील होतो.

आपल्याकडे उलटं झालं. देवलांनी 'झुंझारराव' नाटकात शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचं नाव, गाव, घर, बोली सगळं आपलं केलं. त्यातला तुमचा जाधवराव पाहताना मला कधी वाटलंच नाही की हा मुळात 'ऑथेल्लो'मधला खलनायक इयागो आहे. इथले लोक भाषेला हात लावत नाहीत, भोवतालचं जग तेवढं बदलतात. मला अजून देवलांचंच काम जास्त अवघड वाटतं. पण हात लावत नाहीत म्हणजे कात्री लावत नाहीत असं नव्हे. एवढं लांबलचक नाटक पावणेदोन तासांत बसवलंय. राणी मार्गारेट तर साफ उडवलीय. सगळ्यांना शाप देत फिरणारी ती म्हातारी नाही म्हटल्यावर पुढे एकेक जण मरतो तेव्हा 'तिचं खरं झालं' असं वाटायला जागाच राहत नाही. हे मला खटकलं.

शेवटाकडे मात्र कमाल आहे. लढाई ऐन भरात, रिचर्डची जीप रुतते. चाक जागच्या जागी गरगरतंय, इंजिन केकाटतंय आणि तो ओरडतो, घोडा! घोडा! घोड्यासाठी माझं राज्य देतो! मैत्रीण खळकन हसली. मलाही हसू आलं. चारशे वर्षांपूर्वीचं वाक्य, शब्द न् शब्द तोच, आणि जीपमुळे अचानक त्यात साधी गरज दिसली. चिखलात यंत्र बंद पडलं की माणूस मागणार काय? मग त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि दोघींचं हसणं थांबलं.

मार्गारेटच्या बाबतीत तुम्ही भडकणार, माहितीये. रविवारी फोनवर भडका, मी कॉफी घेऊन बसते. आणि हे वाक्य मराठीत कसं म्हणाल तेही ठरवून ठेवा. माझं 'देतो' मिळमिळीत वाटतंय.

आईला नमस्कार. पुढच्या वेळी भडंग डब्यात घालून पाठवायला सांगा.

तुमची,
सई