खातं माझं आहे, माझ्याशी बोला

प्रति,
मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : सहकारी पतसंस्था आणि बँकांमध्ये दिव्यांग खातेदारांना मिळणारी वागणूक

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी आणि मसाला कांडप चालवते. गावातल्याच एका पतसंस्थेत माझं बचत खातं आहे, पिग्मी म्हणजे रोज थोडी-थोडी भरायची ठेव आहे, थोडे शेअर आहेत. म्हणजे मी तिथली सभासदही आहे. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे. आधी रातांधळेपणा आला, मग हळूहळू कडेचं दिसायचं बंद झालं. आता नळीतून पाहावं तेवढाच समोरचा तुकडा दिसतो. बाहेर पडताना हातात पांढरी काठी असते.

माझं मागणं एकाच गोष्टीभोवती आहे. काउंटरवर ज्याचं खातं असेल त्याच्याशी बोललं जावं. ऐकायला हे इतकं साधं वाटतं, की यासाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं कुणीही म्हणेल. पण ही साधी गोष्ट घडत नाही आणि ती घडावी म्हणून लागणारे अधिकार आपल्याकडे आहेत.

पैसे काढायची स्लिप देऊन मी खिडकीशी उभी असते. शेजारी माझा भाचा, पिशवी धरायला आलेला. आतून प्रश्न येतो, "काय रे, मावशींना किती काढायचेत?" उत्तर मी देते. पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच, "शंभरच्या देऊ का पाचशेच्या?" उत्तर परत मीच देते. मग नोटा मोजून त्याच्या हातात ठेवल्या जातात आणि पासबुकही त्यालाच. पोरगं अवघडून जातं. तो अकरावीत आहे आणि त्या खात्याशी त्याचा काही संबंध नाही.

एकटी गेले तर वेगळंच घडतं. मला कमी दिसतं म्हणजे ऐकायलाही कमी येत असणार, असं धरून माझ्याशी मोठ्यानं बोललं जातं. खात्यावर शिल्लक किती, ठेव कधी संपते, हे रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतं. आमच्यासारख्या गावात या गोष्टीची किंमत मोजावी लागते. दुपारी बँकेत आकडा उच्चारला गेला की संध्याकाळी गिरणीवर उसने मागायला माणूस हजर. नाही म्हटलं की, "तुमच्याकडं आहेत की, मी ऐकलंय." डोळस खातेदाराच्या पासबुकात आकडा गुपचूप छापून मिळतो. मला तो माझ्या कानापुरता सांगितला जावा, किंवा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला जावा, एवढंच हवं आहे.

मला थोडं दिसतं, हीही लोकांना पटणारी गोष्ट नाही. हातात पांढरी काठी, आणि ही बाई मोबाइलवर मेसेज वाचते? मग ही सोंग करते, असा अर्थ लावला जातो आणि तो माझ्यासमोर बोलूनही दाखवला जातो. महोदय, दृष्टिहीन म्हणवल्या जाणाऱ्या लोकांत ठार काळोख असलेले थोडे असतात. बहुतेकांना काही ना काही दिसतं. कुणाला उजेडाची दिशा कळते, कुणाला फक्त मधलं दिसतं, कुणाला मधलं सोडून बाकीचं. मी मोठ्या अक्षरातला मेसेज वाचू शकते आणि त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीला अडखळू शकते. दोन्ही खरं आहे.

मागे मसाला दळायचं पल्व्हरायझर मशीन घ्यायचं ठरवलं आणि कर्जाचा अर्ज केला. तेव्हाचे शाखाधिकारी सज्जन गृहस्थ होते. खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्या भावाकडे वळून म्हणाले, "कर्ज तुमच्या नावावर करू. ताईंना कशाला व्याप?" गिरणी माझ्या नावावर, वीजबिल माझ्या नावावर, पिग्मी मी भरलेली. त्यांना माझं भलंच करायचं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी ते कर्ज भावाच्या नावावर झालं असतं तर मशीनही त्याचं झालं असतं. मी हट्ट धरला. मग अडचण निघाली ती सहीची. माझी सही आता दर वेळी सारखी येत नाही, रेघ सोडून वर-खाली जाते. त्यावर उपाय पाच मिनिटांचा आहे: पुठ्ठ्याच्या तुकड्यात सहीएवढी खिडकी कापायची आणि ती खिडकी कागदावर सहीच्या जागी धरायची. पेन पुठ्ठ्याच्या कडेला अडतं, सही रेघेत येते. आमच्या शाखेत आजही असा पुठ्ठा नाही. मी माझा पर्समध्ये बाळगते.

त्याच संस्थेचा पिग्मी एजंट मात्र रोज गिरणीवर येतो, त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. दारातून नाव सांगतो, "ताई, मी आलोय." मी नोटा दिल्या की एकेक मोठ्यानं मोजतो, शंभर, दोनशे. मशीनची पावती निघाली की वाचून दाखवतो, "आजचे दोनशे, एकूण एवढे," आणि कागद हातात ठेवतो. शेजारी गिऱ्हाईक असेल तर एकूण आकडा न सांगता म्हणतो, "बाकीचं मेसेजमध्ये बघा." त्याला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं होतं, "तुम्हाला कसं सोयीचं पडेल?" दिव्यांग ग्राहकाला सेवा कशी द्यावी, याचं सगळं शिक्षण त्या प्रश्नात आहे. संस्थेच्या आत, काचेपलीकडे, तो प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही.

कर्मचाऱ्यांची बाजूही मांडते. त्यांच्या मनात भीती असते. उद्या या बाईंनी "मला कमी पैसे दिले" म्हटलं तर? "कागदावर काय होतं ते मला वाचून दाखवलं नाही" म्हटलं तर? चौकशी लागेल ती क्लार्कवर, संचालकांवर नाही. म्हणून तो सोबतच्या डोळस माणसाला मध्ये घेतो, तेवढाच साक्षीदार. ही भीती खोटी नाही. ती जाते ती ठरलेल्या पद्धतीनं: पैसे खातेदारासमोर मोजायचे, नोटांची किंमत सांगून मोजायचे, अटी वाचून दाखवायच्या आणि तशी नोंद करायची. पद्धत लिहून दिली की क्लार्कही निर्धास्त होतो आणि मीही.

आणखी काहींचं सांगते, कारण मी फक्त माझ्या डोळ्यांपुरतं लिहिलं तर ते अपुरं राहील. माझ्या ओळखीच्या एका तरुणाला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलताना शब्द ओढले जातात, चालताना तोल जातो. वॉचमन त्याला दारातच अडवतो, कारण त्याला वाटतं हा पिऊन आलाय. आत गेला तर पालक कोण म्हणून विचारतात. तो पदवीधर आहे आणि त्याची समज पूर्ण शाबूत आहे. कर्णबधिर खातेदारांचा नंबर पुकारून बोलावला जातो, तो त्यांना ऐकूच येत नाही, मग "किती वेळा हाक मारायची" म्हणून राग. तिथं ओरडून उपयोग नसतो. समोर तोंड करून, नेहमीच्या वेगानं बोलावं, नाहीतर कागदावर लिहावं. व्हीलचेअरवरच्या माणसाला न विचारता मागून ढकललं जातं आणि माझा दंड न विचारता धरून मला ओढलं जातं. मदत हवी का, हे आधी विचारावं; मी हो म्हटलं तर आपलं कोपर पुढे करावं, मी धरते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत, दिसायला धडधाकट. तेही कायद्यानं दिव्यांगांत येतात आणि रांगेत तासभर उभं राहणं त्यांना झेपत नाही.

कायदा काय म्हणतो ते आपल्या विभागाला माहीत असेलच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, या कायद्यात 21 आहेत. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्था स्पष्ट नावानं आहेत, त्यामुळे पतसंस्थांना "हे सरकारी बँकांसाठी आहे" असं म्हणता येत नाही. कलम 13 नुसार दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि कर्ज मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. कलम 46 नं सेवा देणाऱ्यांना, सरकारी असोत की खासगी, सेवा सुगम करायला दोन वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत 2019 मध्येच संपली. आणि लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला कलम 92 खाली 6 महिने ते 5 वर्षं कैद होऊ शकते. मला कुणालाही तुरुंगात पाठवायचं नाही. कायद्यानं या वागणुकीला किती गंभीर मानलं आहे, ते आपल्या नजरेस आणायचं आहे.

रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्येच बँकांना कळवलं होतं, की दृष्टिहीन व्यक्ती करार करायला कायद्यानं सक्षम आहे आणि तिला चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यातलं काहीही नाकारता येणार नाही. 2014 मध्ये सांगितलं, की प्रत्येक शाखेत कमी दिसणाऱ्यांसाठी भिंग ठेवा आणि ते ठेवल्याची सूचना ठळक जागी लावा. सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या स्त्रियांनी ते कसं करायचं, या प्रश्नातून तो खटला उभा राहिला होता.

माझी अडचण अशी, की पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत. त्या आपल्या सहकार विभागाकडे आहेत. तिथं भिंगाचं परिपत्रक लागू होत नाही. खेड्यातल्या माणसाची पै-पै मात्र तिथंच असते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले आणि तेव्हा मोजणी जुन्या, थोड्या प्रकारांची होती. यातले कितीतरी लोक पतसंस्थांचे सभासद आहेत.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 24-अ नुसार प्रत्येक संस्थेला सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. त्या प्रशिक्षणात दिव्यांग ग्राहकाशी वागण्याचा एक तास सक्तीचा करावा आणि तो दिव्यांग व्यक्तींनीच घ्यावा. भाषण नको. एका क्लार्कनं डोळ्यांवर पट्टी बांधून स्लिपवर सही करावी, दुसऱ्यानं त्याला नोटा मोजून द्याव्यात, एवढं झालं तरी पुष्कळ. वॉचमन आणि शिपाई यांना त्यातून वगळू नये, दारात पहिली गाठ त्यांच्याशीच पडते. सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा पदविका) परीक्षेच्या अभ्यासक्रमातही हा विषय यावा, कारण उद्याचे लेखापरीक्षक तिथून येतात.

याशिवाय एक परिपत्रक काढावं. प्रत्येक शाखेत भिंग आणि सहीचा पुठ्ठा असावा, टोकन नंबर पुकारण्याबरोबर दाखवलाही जावा, शिल्लक खातेदारालाच आणि खासगीत सांगितली जावी, अर्जदार सज्ञान असताना सोबतच्या माणसाच्या नावावर कर्ज घ्यायचं सुचवू नये. वार्षिक लेखापरीक्षणात या गोष्टी तपासून अहवालात तसा शेरा यावा. ऑडिट वर्ग, म्हणजे लेखापरीक्षणातला दर्जा, मिळवताना संस्था सगळे कागद नीट लावते, हे आपण जाणताच. या गोष्टी ऑडिटात आल्या की शाखेतही दिसतील. आणि तक्रार कुणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावावा.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत होतात. त्याआधी परिपत्रक निघालं तर यंदाच्याच सभेत ते विषयपत्रिकेवर घेता येईल. सभेचा अहवालही व्हॉट्सॲपवर युनिकोड मजकुरात पाठवायला सांगावं. स्कॅन केलेली पानं फोनला वाचून दाखवता येत नाहीत. अहवाल असा आला तर सभेला जाण्याआधी तो मी स्वतः ऐकेन, ताळेबंदावरचे प्रश्न काढेन आणि ते सभेत उभी राहून विचारेन.

कळावे,
आपली,
एक सभासद आणि खातेदार