लॅरी डोबी पण सेकंड बेसवालाच होता

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं काहीतरी बिनसलंय. बेसबॉलच्या टीममध्ये कोचनी सेकंड बेसवरून काढून लांब मागे आउटफिल्डला टाकलं हे तुझ्या मनाला फार लागलंय, आणि फोनवर मला नीट बोलताच येईना म्हणून लिहितेय.

लॅरी डोबी माहितीये ना, आपल्या न्यू जर्सीतलाच, पॅटरसनला वाढलेला? तोही मूळचा सेकंड बेसवालाच. काळ्या खेळाडूंच्या लीग तेव्हा वेगळ्या होत्या, त्यातल्या न्यूअर्क ईगल्सकडून खेळायचा, 1946 ला ते चॅम्पियन झाले. आणि 5 जुलै 1947 ला क्लीव्हलँड टीमचे मालक बिल व्हेक यांनी त्याला थेट आपल्या टीममध्ये घेतलं. त्याच वर्षी थोडं आधी आलेला जॅकी रॉबिन्सन, विसाव्या शतकातला मेजर लीगचा पहिला काळा खेळाडू, त्याला आधी एक वर्ष खालच्या मायनर लीगमध्ये तरी मिळालं होतं, डोबीला तेवढाही वेळ नाही, 23 वर्षांचं पोर, दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू. काहींनी तर हातसुद्धा मिळवला नाही. मॅचआधी सगळे जोडीजोडीने बॉल टाकतायत आणि हा एकटाच उभा, तेव्हा जो गॉर्डन पुढे आला आणि त्याच्याबरोबर थ्रो करायला लागला. गॉर्डन कोण, तर टीमचा सेकंड बेस! म्हणजे डोबीची जागा ज्याच्याकडे होती तोच. मला हा माणूस फार आवडतो.

पण जागा काही रिकामी होत नव्हती. त्या सीझनला डोबीला 32 वेळा बॅटिंग मिळाली आणि हिट्स फक्त 5. मग त्याला आउटफिल्ड शिकायला सांगितलं. क्लीव्हलँडचा जुना दिग्गज सेंटर फिल्डर ट्रिस स्पीकर, त्याने त्याला शिकवलं, उंच उडालेला बॉल कुठे पडणार, पळायला कधी सुटायचं, सगळं नव्याने. पुढच्याच वर्षी, 1948 ला, बॅटिंगचं .301 अ‍ॅव्हरेज आणि वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे सीझनच्या फायनलच्या, चौथ्या मॅचला समोरच्या टीमचा पिचर जॉनी सेन याला होम रन, मॅच 2-1 नी जिंकली. नंतर तो आणि त्याच्याच टीमचा पिचर स्टीव्ह ग्रोमेक, एक काळा एक गोरा, गालाला गाल लावून हसतायत असा फोटो देशभरच्या पेपरात छापून आला. बघच तो फोटो, दोघांचं हसू किती खरंय!

पुढे सलग 7 वर्षं निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार टीममध्ये, 1952 आणि 1954 ला 32-32 होम रन मारून लीगमध्ये पहिला. तरी हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलमधल्या मोठ्या मानाला, 1998 उजाडलं. रॉबिन्सनने जे सोसलं तेच यानेही सोसलं, तीच शिवीगाळ, तीच वेगळी हॉटेलं, पण दुसरा आला म्हणून लोक त्याला विसरतात याचा मला खरंच राग येतो.

तर कोचना विचार, प्रॅक्टिसनंतर थोडा वेळ थांबून उंच कॅचेस मारून देतील का. शनिवारची मॅच किती वाजता ते कळव, आम्ही दोघं येतोय, बाबांनी सुट्टी टाकलीये. आणि डोळ्यावर ऊन येईल तिकडे, गॉगल घेऊन जा.

तुझी,
आई