राष्ट्रीय कपाचं दार आमच्या तालमींना कधी उघडणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या डिसेंबरात एफसी गोवानं फातोर्ड्याच्या ग्राउंडवर ईस्ट बंगालला टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टींवर, हरवून सुपर कप जिंकला, लागोपाठ दुसऱ्यांदा आणि एकूण तिसऱ्यांदा, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात खाली कोपऱ्यात चार ओळी आल्या. तेव्हापासून हे पत्र लिहू का नको चाललं होतं, शेवटी म्हटलं लिहूयाच. मोठं झालं तर कापा पण मुद्दा तेवढा छापा, की ह्या कपाचं दार आमच्या तालमींच्या फुटबॉल टीमसारख्या छोट्या क्लबांना पण उघडं पाहिजे.

सुपर कप म्हणजे आपल्या देशाचा क्लब फुटबॉलचा राष्ट्रीय कप, पूर्वी ह्याच जागी फेडरेशन कप होता. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, वेगळी आणि हा कप वेगळा, हे आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांना माहीतच नाही कारण कुणी सांगतच नाही. आणि ह्या कपाला किंमत आहे हो. २०२५ च्या मे महिन्यात गोव्यानं भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला ३-० हरवून कप घेतला, त्यावरून त्यांना आशियातल्या स्पर्धेच्या प्लेऑफला जागा मिळाली, तिथं ओमानच्या अल सीबला हरवलं आणि मग ग्रुपमध्ये सौदीची अल नासर थेट मडगावला खेळायला आली. रोनाल्डो आला नाही ते सोडा, पण अल नासर आली, आणि गोव्यानं एक गोल मारून २-१ पर्यंत झुंज दिली. हे सगळं एका नॉकआउट कपामुळं.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो. डिसेंबरात संपलेल्या सुपर कपात १६ टीम, चार ग्रुप, आणि ग्रुपमधनं फक्त पहिली टीम सेमीफायनलला. मोहन बागाननं चेन्नईयनला हरवलं, डेम्पोशी ०-०, ईस्ट बंगालशी ०-०, म्हणजे एकही मॅच हरली नाही, एकही गोल खाल्ला नाही, आणि घरी गेली. गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर! ज्या डेम्पोनं बागानला ०-० अडवलं आणि ईस्ट बंगालला २-२ अडवलं, ती डेम्पो तर ऐनवेळी दुसऱ्या एका टीमच्या जागी आलेली होती. विचार करा, सरळ नॉकआउट असता तर त्या मॅच टायब्रेकरला गेल्या असत्या आणि डेम्पोनं कदाचित एखादा मोठा क्लब बाहेर काढला असता, गोव्यात आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता. त्याऐवजी काय तर पॉइंट टेबल. आमच्या कोल्हापुरात चौथीतल्या पोराला पण कळतं की नॉकआउट म्हणजे हरला तो गेला आणि जिंकला तो राहिला, मधलं काही नसतं. मधलं काढायचं असेल तर लीग आहे की त्याला.

आणि हा घोळ आजचा नाही. फेडरेशन कप १९७७ ला सुरू झाला, पहिली फायनल केरळात एर्नाकुलमला, आणि जिंकलं कोण तर बंगळुरूची आयटीआय, टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कारखान्याची टीम, मोहन बागानला १-० हरवून. सुरुवात इतकी झकास झालेली स्पर्धा, पण नंतर फॉरमॅट कधी एक राहिला नाही. कधी ग्रुप, कधी सरळ नॉकआउट, २०१६ ला फक्त आठ टीम आणि होम-अवे असे दोन लेग, म्हणजे एक मॅच आपल्या घरी आणि एक समोरच्याच्या, पुढच्या वर्षी परत ग्रुप. २०१८ ला नाव बदलून सुपर कप झाला तेव्हा नॉकआउट, २०२३ ला परत ग्रुप, २०२५ च्या एप्रिलमध्ये परत नॉकआउट, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात परत ग्रुप. एका वर्षात दोन सुपर कप आणि दोन वेगळे फॉरमॅट! प्रेक्षकानं लक्षात काय ठेवायचं?

पण जेव्हा जेव्हा तो खरा नॉकआउट होता तेव्हा काय काय झालं ते आठवा. १३ जुलै १९९७, सॉल्ट लेक, फेडरेशन कपाची सेमीफायनल, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. अधिकृत आकडा १ लाख ३१ हजार ७८१ प्रेक्षकांचा आहे. बागानचे कोच अमल दत्त, त्यांची ती डायमंड सिस्टिम, म्हणजे टीम मैदानावर लावायची पद्धत, सगळ्या पेपरात गाजत होती, समोर ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी, आणि त्यांच्या बाइचुंग भुतियानं हॅटट्रिक मारून ४-१ नं डायमंड फोडला. माझे वडील त्या मॅचबद्दल वर्षानुवर्षं बोलायचे, ते काय कलकत्त्याला गेलेले नव्हते, नुसतं पेपरात वाचलेलं, पण सांगताना असं की जणू स्टँडमध्येच होते. आणि खरी गंमत त्यापुढं आहे जी लोक विसरतात. सव्वा लाखाच्या वर लोकांसमोर बागानला लोळवणारी तीच ईस्ट बंगाल फायनलला गोव्याच्या साळगावकरकडून २-१ हरली. नॉकआउट म्हणतात तो हाच.

मुंबईचं पण नाव आहे ह्या कपावर. मफतलाल मिलची टीम फायनलला पोचलेली, महिंद्रा दोनदा फायनल हरली आणि मग महिंद्रा युनायटेड म्हणून २००३ आणि २००५ ला जिंकली. २०१० ला ती टीमच बंद झाली. कूपरेजवरचा रोव्हर्स कप, १८९१ पासूनचा, जिथं हैदराबाद सिटी पोलीसनं १९५० ते ५४ लागोपाठ पाच वेळा कप नेला, तो पण २००० च्या आसपास बंद पडला. डेम्पोचा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर तर २००४ च्या फेडरेशन कप बंगळुरूत झालेल्या फायनलमध्ये दुसरा गोल मारताना गोलकीपरला धडकला आणि गेला. जिंकून गेला. डेम्पोनं त्याची १० नंबरची जर्सी परत कुणाला दिली नाही. अशा आठवणी असलेला कप आहे हा, त्याला चार ओळी?

आता मूळ मुद्दा. फॉरमॅटपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ह्या कपाचं दार. सुपर कपात आत कोण येणार हे आधीच ठरलेलं असतं, आयएसएलचे क्लब आणि तिच्या खालच्या लीगचे काही. बाकी देशातल्या क्लबांनी बघत बसायचं. बऱ्याच देशांत राष्ट्रीय कप असा नसतो.

इंग्लंडचा एफए कप घ्या. १८७१ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे एफएच्या, चार्ल्स अल्कॉक नावाच्या सेक्रेटरीनं कल्पना मांडली, हॅरो शाळेत त्यानं हाऊस-हाऊसमधली नॉकआउट बघितलेली, तीच देशभर करू म्हणाला. पहिल्या वर्षी १५ क्लब, १८७२ ला फायनल लंडनच्या ओव्हलवर, हो तेच क्रिकेटचं ओव्हल, वाँडरर्सनं रॉयल इंजिनियर्सना १-० हरवलं. आणि बघा, आपल्याकडे जो प्रश्न आज विचारतात की छोट्या क्लबांनी प्रवासखर्च कुठनं आणायचा, तो त्या पहिल्याच वर्षी आलेला. ग्लासगोची क्वीन्स पार्क सेमीफायनलला वाँडरर्सशी ०-० बरोबरीत राहिली पण रीप्लेसाठी, म्हणजे मॅच परत खेळायला, लंडनला थांबायला पैसे नव्हते म्हणून माघार घेऊन परत गेली. मग त्यांनी स्पर्धा बंद केली का? नाही, सुरुवातीच्या फेऱ्या आसपासच्या क्लबांत लावायला लागले. आज सातशेच्या वर क्लब खेळतात, ऑगस्टमध्ये गावातल्या ग्राउंडवर सुरू होतो, आणि प्रीमियर लीगचे मोठे क्लब थेट जानेवारीत तिसऱ्या फेरीला येतात. ड्रॉला सीडिंग नाही, म्हणजे मोठ्या टीमना वेगळं ठेवणं नाही, बॉल निघेल ती टीम.

म्हणूनच २०२१ ला लिव्हरपूलजवळच्या मरीन नावाच्या आठव्या डिव्हिजनच्या क्लबाला प्रीमियर लीगचं टॉटनहॅम लागलं. दोघांत १६१ नंबरांचं अंतर! ग्राउंड एवढं छोटं की लोकांच्या घरांची परसं कंपाउंडला लागून, कोरोनामुळं आत प्रेक्षक नाहीत तर लोक घराच्या मागच्या बाजूनं मॅच बघत होते आणि टॉटनहॅमचा कोच मोरिन्यो डगआउटमध्ये उभा. ०-० असताना मरीनच्या एका पोराचा बॉल क्रॉसबारला लागला. ५-० हरले शेवटी, पण क्लबानं ऑनलाइन तिकिटं काढलेली दहा पौंडाची, प्रेक्षकांना आत सोडत नव्हते तरी ३० हजारांहून जास्त लोकांनी ती घेतली, कारण क्लब जगावा. तीन हजारांच्या आसपास माणसं मावणारं ग्राउंड ते. त्या एका ड्रॉनं क्लबाचा संसार सावरला. (आता २०२४ पासून पहिल्या फेरीपासूनचे रीप्ले त्यांनी काढून टाकले, ते मला अजिबात पटलेलं नाही. रीप्लेत मोठ्या क्लबाच्या ग्राउंडवर जायला मिळायचं आणि गेटचे पैसे वाटून मिळायचे, छोट्यांचं नुकसान झालं.)

फ्रान्स तर त्याच्याही पुढं. तिथल्या राष्ट्रीय कपात सात हजारांच्या वर क्लब, टीम दोन डिव्हिजन खालची असेल तर मॅच तिच्या घरी, आणि समुद्रापारच्या बेटांवरचे क्लब पण खेळतात. २०२० ला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरची टीम विमानानं येऊन निओर्तला हरवून शेवटच्या ३२ मध्ये पोचली. रियुनियनहून फ्रान्सला नेता येतं आणि कोल्हापूरहून पुण्याला नेता येत नाही? २००० साली कॅलेची टीम, चौथ्या डिव्हिजनची हौशी पोरं, आदल्या वर्षीच्या लीग चॅम्पियन बोर्दोला हरवून फायनलला गेली आणि नाँतकडून अगदी शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर २-१ हरली. नाँतच्या कॅप्टननं कप उचलताना कॅलेच्या कॅप्टनला शेजारी बोलावलं, दोघांनी मिळून कप उचलला.

आपल्याकडे असं होत नाही असं म्हणू नका. २०१६ चा फेडरेशन कप बघा, मिझोरामची ऐझॉल तेव्हाच्या वरच्या लीगमधनं, म्हणजे आय-लीगमधनं, खाली गेलेली टीम, तिनं त्या वर्षीच्या लीग चॅम्पियन बंगळुरूला बाहेर काढून फायनल गाठली. फायनलला बागानकडून ५-० मार खाल्ला खरा, पण गोव्याचे क्लब लीगमधनं बाहेर पडल्यामुळं ऐझॉलला परत आत घेतलं आणि पुढच्याच सीझनला ती आय-लीगची चॅम्पियन झाली. दार उघडलं की पोरं आत येतात.

आता आमच्या कोल्हापूरचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, ही इथल्या तालमी-मंडळांच्या फुटबॉल टीमची नावं शेंबड्या पोराला पाठ आहेत. शाहू स्टेडियमवर चषकाची फायनल असली की दुपारपासून हलगी सुरू, लोक तिकीट काढून येतात, काम अर्धवट टाकून येतात. आयएसएलच्या किती मॅचना असं स्टेडियम भरतं सांगा. ह्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. पण त्यासाठी त्याला लहानपणीच कोल्हापूर सोडायला लागलं, कारण इथल्या तालमीच्या टीमला इथून वर जायचा रस्ताच नाही. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग जिंकली, चार चषक जिंकले, की पुढं काय? पुढच्या वर्षी परत तेच चषक. आमच्याकडे भांडणं होतात, हुल्लडबाजी होते, हे मी नाकारत नाही आणि त्याचं समर्थन पण करत नाही. पण पेठापेठांतच फिरत राहिल्यावर ईर्ष्या पेठेवरच निघणार. तीच ईर्ष्या एकदा कोल्हापूर विरुद्ध मुंबई सिटी, कोल्हापूर विरुद्ध एफसी गोवा अशी बघायची आहे मला.

जमणार नाही असं काही नाही त्यात. विफा, म्हणजे आपली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिनं पहिल्या फेऱ्या जवळपासच लावाव्यात, कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, सोलापूर, पुणे, सगळं एसटीच्या अंतरात आहे, टीम सकाळी निघून रात्री घरी. मग राज्याची फायनल, त्यातनं एक क्लब पुढं, इतर राज्यांतनं पण तसाच एकेक, मग झोन, आणि झोनमधनं टिकलेल्या टीम आयएसएलवाल्यांच्या ड्रॉमध्ये. मॅच बरोबरीत सुटली तर थेट टायब्रेकर, फ्रान्समध्ये फायनल सोडून आता हेच करतात, एक्स्ट्रा टाइम पण नाही. मोठी टीम आठ गोल मारेल म्हणता, मारू देत की, तो आठ गोल खाल्लेला गोलकीपर नातवंडांना सांगत बसेल कुणी मारले ते.

तेव्हा संपादक साहेब, एवढंच करा. तुमच्या क्रीडा प्रतिनिधीला सांगून विफाला आणि एआयएफएफला, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनला, एक प्रश्न विचारा, की पुढच्या सुपर कपाच्या १६ जागांतली निदान एक जागा देशातल्या कुठल्याही रजिस्टर्ड क्लबाला पात्रता फेऱ्या खेळून मिळवता येईल का, हो का नाही. उत्तर येईल ते छापा, आणि ह्या वेळी खालच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर