सरासरीला सरासरीने भागताना

महोदय,

किमान वेतन, सरासरी पगार आणि कामाचे वार्षिक तास हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून दोन देशांतील कामगारांची तुलना करणारी कोष्टके वृत्तपत्रांतून वरचेवर छापली जातात. जर्मनी आणि अमेरिका ही त्यांतली ठरलेली जोडी. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचे २०२३ सालचे आकडे घेतले, तर क्रयशक्तीतील फरक जमेस धरून सरासरी वार्षिक वेतन अमेरिकेत सुमारे ८० हजार डॉलर आणि जर्मनीत सुमारे ६२ हजार डॉलर भरते. कामाचे तास अमेरिकेत वर्षाला १,८०० च्या आसपास, तर जर्मनीत जेमतेम १,३४०. एवढे हाती आले की भागाकाराचा मोह आवरत नाही. तासाला अमेरिकन कामगार ४४ डॉलर मिळवतो आणि जर्मन कामगार ४६, असे उत्तर निघते आणि कमी राबूनही जर्मन जास्त कमावतात, असा मथळा सजतो. हा भागाकार मुळातच चुकीचा आहे.

ओईसीडी सरासरी वेतन काढते तेव्हा अर्धवेळ नोकरदारांचा पगार पूर्णवेळेच्या प्रमाणात वाढवून धरते, म्हणजे सगळेच पूर्णवेळ काम करत असते तर काय मिळाले असते, याचा तो अंदाज असतो. तास मोजताना मात्र अशी कोणतीही दुरुस्ती होत नाही. एकूण तासांना काम करणाऱ्या सर्वांच्या संख्येने भागतात आणि त्यात अर्धवेळ काम करणारेही येतात. भागाकारातला वरचा आकडा एका माणसाचा आणि खालचा दुसऱ्याच माणसाचा, असा हा प्रकार आहे. जर्मनीत अर्धवेळ नोकऱ्यांचे, त्यातही स्त्रियांच्या, प्रमाण फार मोठे असल्यामुळे चूकही मोठी होते. तेथील पूर्णवेळ कामगाराचे तास, रजा आणि सुट्ट्या वजा जाता, वर्षाला १,७०० धरून पाहिले तर ४६ डॉलरचे ३६ होतात आणि मथळा उलटा फिरतो.

एखाद्या जर्मन घरात नवरा आठवड्याला ४० तास नोकरी करतो आणि बायको नोकरी करत नाही, असे समजा. काम करणाऱ्यांची सरासरी ४० तास. उद्या बायकोने ‘मिनीजॉब’ म्हणून ओळखली जाणारी, महिना ६०३ युरोंपर्यंतच्या कमाईची नोकरी धरली आणि ती आठवड्याला दहा तास कामाला जाऊ लागली, की सरासरी २५ वर येते. घरातले काम वाढले, पैसा वाढला, नवऱ्याचा एक तासही कमी झाला नाही. कोष्टकात मात्र जर्मन लोक अधिक आरामात राहू लागले! तासांचे हे आकडे काळानुसार होणारा बदल पाहण्यासाठी आहेत, एकाच वर्षी दोन देशांची पातळी ताडून पाहण्यासाठी ते योग्य नाहीत, असे ओईसीडीने स्वतःच आकड्यांखाली लिहून ठेवले आहे. कोष्टक उतरवून घेताना नेमकी तीच तळटीप गळते.

किमान वेतनाची तुलना वरकरणी सोपी वाटते. जर्मनीत पूर्वी वेतनाची पातळी कामगार संघटना आणि मालक यांच्यातील करारांवर सोपवलेली होती. देशभर लागू होणारा कायदा आला तो १ जानेवारी २०१५ पासून, ताशी ८.५० युरो दराने. २०२२ च्या ऑक्टोबरात हा दर १२ युरो झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो १३.९० युरो आहे. अमेरिकेत असा कायदा १९३८ पासून आहे, पण संघराज्याचा दर २४ जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर थिजला आहे आणि महागाईने त्याची किंमत तेव्हापासून सुमारे एक तृतीयांशाने घटली आहे. हा फरक बराचसा यंत्रणेतून येतो. जर्मनीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी असलेला आयोग ठरावीक मुदतीने दर सुचवतो, तर अमेरिकेत वाढ हवी असेल तर प्रत्येक वेळी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, नवा कायदा करावा लागतो.

तरीही १३.९० च्या समोर ७.२५ मांडणे फसवे आहे. अमेरिकेतील ३० राज्यांनी स्वतःचे वरचे दर ठरवले आहेत. वॉशिंग्टन राज्यात २०२६ साठी तो १७.१३ डॉलर आहे. ताशी पगारावर काम करणाऱ्या अमेरिकनांपैकी ७.२५ किंवा त्याहून कमी मिळवणारे २०२३ मध्ये फक्त १.१ टक्के होते. उलट जर्मनीने दर १२ युरो केला तेव्हा सुमारे ५८ लाख नोकऱ्यांतील पगार त्यामुळे वाढला. पहिला आकडा बऱ्याच अंशी कागदावर उरला आहे, दुसरा दरमहा पगारपत्रकावर उमटतो.

त्या १.१ टक्क्यांतले बरेचसे लोक हॉटेलांत वाढप्याचे काम करतात. टिपा मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यावयाचा संघराज्याचा किमान दर १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर आहे. ४० तासांच्या आठवड्याला मालकाकडून ८५ डॉलर २० सेंट, बाकीची भर गिऱ्हाइकाने घालायची! टिपा धरूनही ७.२५ होत नसतील तर फरक मालकाने भरायचा, असे कायदा म्हणतो. पण त्यासाठी टिपांचा हिशेब मालकापुढे मांडून भांडावे कोणी? जर्मनीत टीप किमान वेतनात धरताच येत नाही, ती वरचीच राहते.

तासांबाबतही दोन्ही कायद्यांची दृष्टी वेगळी आहे. अमेरिकेत आठवड्याला ४० तासांवरच्या कामाला दीडपट ओव्हरटाइम द्यावा लागतो, पण प्रौढ माणसाने किती तास काम करावे याला संघराज्याच्या त्या कायद्यात कमाल मर्यादा नाही. जर्मनीत दिवसाला आठ तास, पुढे सरासरी भरून काढण्याच्या अटीवर दहा, अशी मर्यादा आहे. ओव्हरटाइमचा वाढीव दर मात्र कायद्याने बांधलेला नाही. शिवाय पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस भरपगारी रजा हा तेथे हक्क आहे. किमान वेतनावर वर्षाला २,०८० तासांचे २८,९१२ युरो होतात. त्यातले रजेचे १६० तास वजा केले तर प्रत्यक्ष राबलेल्या तासाला सुमारे १५ युरो पडतात, सणांच्या सुट्ट्या धरल्या तर त्याहून थोडे अधिक. अमेरिकेत भरपगारी रजा देण्याची सक्ती संघराज्याच्या कायद्यात नाही, त्यामुळे कमी पगाराच्या नोकरीत रजेचा दिवस अनेकदा बिनपगारी जातो.

अमेरिकेतील सरासरी पगार वरच्या थोड्या लोकांच्या मोठ्या पगारांनी फुगतो, हेही लक्षात घ्यावे लागते. मे २०२३ मध्ये तेथील सरासरी ताशी वेतन ३१.४८ डॉलर होते, तर मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २३.११, म्हणजे निम्म्या कामगारांना सरासरीपेक्षा तासाला आठ डॉलरहूनही अधिक कमी मिळत होते.

अशी कोष्टके छापण्यास माझा विरोध नाही. वेतन पूर्णवेळेच्या हिशेबाने काढले आहे की सर्वांचे मिळून, तास कोणाचे आहेत, आकडा सरासरीचा की मध्यकाचा, आणि कर, विमा यांच्या कपातीआधीचा की नंतरचा, एवढे चार शब्द कोष्टकाखाली बारीक टाइपात छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक